दहा मिनिटं

दवाखान्यातल्या बाकावर आठवी-नववीतला एक मुलगा बसला होता. मांडीवर जनावराच्या गळ्यात घालायचा प्लास्टिकचा पारदर्शक कोन, कोनाच्या आतल्या कडेला वाळलेल्या मासळीचा थर. पायाशी झाकणाची बास्केट. झाकण नीट बसत नसावं, म्हणून वरून जुनी ओढणी आवळून बांधलेली, आणि तिच्या फटीतून दिसणारा एक पिवळा डोळा. शेजारी आई. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. नंबर आल्यावर डॉक्टरांनी मांजरीला टेबलावर अलगद कुशीला वळवलं तेव्हा दिसलं, की पोटावरच्या सहा टाक्यांपैकी चार जागेवर नव्हते. कातडीच्या कडा विलग झाल्या होत्या आणि आतला ओलसर गुलाबी थर दिव्याखाली चमकत होता. गर्भाची पिशवी काढायचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले. "कोन कधी काढला होता?" डॉक्टरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "काल रात्री," आई म्हणाली, "फार रडत होती हो. दाराला धडकायची, मागं मागं सरकत जायची. बघवेना. दहाच मिनिटं काढला." मुलगा खाली बघत म्हणाला, "दहाच मिनिटं, डॉक्टर."

ती दोघं खरं बोलत होती, आणि तेच मनातून जात नाही.

मांजरीला दहा मिनिटं पुरतात. तिची जीभ हाताला कधी लागली असेल तर तो खरखरीतपणा आठवेल. नखं ज्या केराटिनची असतात त्याच केराटिनचे, घशाकडे वळलेले बारीक काटे त्या जिभेवर असतात. त्यांनी ती हाडावरचं मांस खरवडते, अंगातले मेलेले केस ओढून काढते, घाण पुसते. टाक्याचा दोरा तिच्या लेखी कातडीत रुतलेलं कुसळ आहे. ते उपटून टाकणं हे तिचं उपजत काम, आणि ते ती मन लावून करते. आधी चाटून जागा ओली करते, मग पुढच्या बारीक दातांनी गाठ पकडते. कुत्र्याची तऱ्हा वेगळी. ते चाटत राहतं, तासन्‌तास, आणि कातडी धुण्याच्या फडक्यासारखी पांढरी, भुसभुशीत करून ठेवतं. टाके मग आपसूक निसटतात. 'कुत्रं चाटून जखम बरी करतं' हे आपल्याकडे इतक्या विश्वासानं सांगितलं जातं, की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. रानात काट्यानं ओरखडलेल्या पायापुरतं ते खरंही असेल. शिवलेल्या पोटाला ते लागू पडत नाही. तोंडातले जंतू त्या चिरेतून थेट आत उतरतात.

म्हणून तो कोन. तो नुसता घालून भागत नाही, मापाचा लागतो. त्याची कड नाकाच्या शेंड्यापुढे दोन-तीन सेंटीमीटर जायला हवी. आखूड असेल तर जनावर मान वाकवून बरोबर टाक्यांपर्यंत पोचतं, आणि 'कोन असूनही चाटलं' अशी तक्रार घेऊन घरचे परत येतात. गळ्याशी दोन बोटं सहज सरकावीत, त्याहून सैल नको. मांजर पुढचे पाय अडकवून सैल कोन मिनिटाभरात उतरवते. पहिला दिवस ती उलटी चालते, चौकटीला आपटते, कोपऱ्यात तोंड घालून बसते. याचं कारण दुखणं क्वचितच असतं. मिशा सगळीकडे टेकतात, आवाज कोनात घुमून वेगळे ऐकू येतात, बाजूचं दिसत नाही, त्यानं ती भांबावते. बहुतेक जनावरं दोन दिवसांत अंदाज घेतात. खोल वाडग्याऐवजी कोनाच्या तोंडात मावेल अशी पसरट बशी दोन पुस्तकांवर ठेवली की खाणं जमतं. कोन काढायचाच असेल तर जेवणापुरता काढावा. समोर बसून, नजर न हलवता, आणि शेवटचा घास संपायच्या आत परत घालावा. फोन वाजला, दूध उतू गेलं, दारावर कुणी आलं, की ती दहा मिनिटं हातातून निसटतात. ज्यांना कोन अजिबातच सोसत नाही त्यांच्यासाठी लहान मुलाचा जुना टी-शर्ट कामाला येतो. पुढचे पाय बाह्यांतून काढायचे आणि खालचा घोळ पाठीवर गाठ मारून घट्ट करायचा. मात्र तो ओला झाला की बदलायचा आणि दिवसातून दोनदा वर करून टाके बघायचे. एरवी वरून सगळं छान दिसत राहतं आणि आत पू धरतो.

आपण घरचे लोक एकच जखम बघतो. शिवणाऱ्यानं तीन शिवलेल्या असतात. सगळ्यात आत पोटाच्या स्नायूंमधली पांढरी चिवट रेषा, मग चरबीचा थर, मग कातडी. पोटातली आतडी जागेवर धरून ठेवायचं काम पहिल्या थराचं, आणि तो कधीच दिसत नाही. पहिले तीन ते पाच दिवस हे तिन्ही थर केवळ दोऱ्यावर उभे असतात. शरीर त्या काळात जागा साफ करत असतं, विणकाम अजून सुरू व्हायचं असतं. पुढेही ते हळूच चालतं. तीन आठवड्यांनीसुद्धा जखमेला मूळच्या ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा आलेला असतो. वरची कातडी दहा-बारा दिवसांत मिळून येते, टाके निघतात, आणि सगळ्यांना वाटतं की झालं. त्यातही सगळ्यात फसवा दिवस चौथा. भुलीचा अंमल उतरलेला असतो, दुखण्याचं औषध लागू पडलेलं असतं, भूक परतलेली असते. जनावर सोफ्यावरून फ्रिजवर, फ्रिजवरून कपाटावर जायच्या बेतात असतं, आणि चार रात्री जागलेले घरचे हुश्श करून टेकलेले असतात. दोरा मात्र अजून एकटाच उभा असतो.

पहिली रात्र लोकांना फार घाबरवते. भूल उतरताना जनावर ओरडतं. कुत्री तर लांबलचक, एकसुरी कण्हत राहतात, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं. हाक मारली तर नजर आपल्यावर ठरत नाही. मांजरीच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्यापर्यंत आलेला दिसतो, बुबुळं टपोरी झालेली असतात. भुलीसाठी कीटामिन दिलेलं असेल तर डोळे उघडेच राहतात, म्हणून ऑपरेशनच्या वेळी त्यांत मलम भरतात. ते मलम वाळून पापण्या चिकटल्या की 'डोळे आले' म्हणून घाईघाईनं फोन येतो. एखादी उलटी होते, श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे एक-दोन दिवस कोरडा खोकला येतो, दोन-तीन दिवस शी होत नाही. हे सगळं चालतं. जे चालत नाही ते गुपचूप येतं, थंडी. भुलीत शरीराची ऊब धरून ठेवायची ताकद जाते. कुत्र्याचं एरवीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, ते बघता बघता उतरतं. मे महिन्यातल्या नागपूरलाही उतरतं. त्यात आपण त्याला बरं वाटावं म्हणून एसी लावतो आणि गार फरशीवर मोकळं सोडतो. चादरीची दुमडलेली घडी, वर हलकं पांघरूण, वाऱ्यापासून आडोसा एवढं पुरतं. गरम पाण्याची पिशवी द्यायचीच तर टॉवेलात गुंडाळून, कुशीपासून थोडी दूर. गुंगीतल्या जनावराला चटका बसला तरी सरकता येत नाही, आणि भाजलेली कातडी चार दिवसांनी काळी पडून सुटते तेव्हाच कळते. पलंगावर, सोफ्यावर तर मुळीच ठेवू नये. तोल नसलेलं मांजर तिथून दगडासारखं खाली येतं.

ऑपरेशनच्या आधीची माया वेगळी. 'सकाळी उपाशीपोटी कसं पाठवायचं?' मोठ्या कुत्र्या-मांजराला साधारण आठ तास अन्न नको, पाणी मात्र निघायच्या दोनेक तास आधीपर्यंत चालतं, हे सांगितलेलं असतं, लिहून दिलेलं असतं. तरी निघताना कुणीतरी एक बिस्किट देतं. भुलीत घशाचं दार उघडं राहतं. पोटातलं वर आलं तर ते श्वासनळीत उतरतं, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया ऑपरेशनपेक्षा भारी पडतो. दिलं असेल तर डॉक्टरांना सांगावं, लाजू नये. तारीख पुढं जाईल, एवढंच. आणि नियम उलटाही आहे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवलं तर त्याची साखर उतरते. त्याचा उपास दोन-चार तासांचाच. रक्ततपासणीला 'उगाच खर्च' म्हणणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं, की आपल्याकडे गोचीड ताप घराघरात आहे. अंगावर आज एकही गोचीड नसली तरी तो रक्तात लपून असतो आणि प्लेटलेट खातो. निरोगी कुत्र्याच्या मायक्रोलिटरभर रक्तात दोन ते पाच लाख प्लेटलेट असतात. या तापात त्या पन्नास हजारांच्याही खाली येतात, आणि कुत्रं तरीही शेपूट हलवत दवाखान्यात शिरतं. चिरल्यावर रक्त थांबत नाही तेव्हा कळतं. आधी कळलं असतं तर चार आठवडे डॉक्सिसायक्लिन देऊन, आकडे वर आल्यावर तेच ऑपरेशन निवांत झालं असतं.

दुखतंय हे ती सांगत नाहीत.

कुत्रं पाहुण्याला बघून शेपूट हलवतं, आणि पाहुणा गेला की भिंतीकडे तोंड करून बसून राहतं. आडवं होत नाही, कारण पोट ताणलं जातं. झोप अनावर झाली की बसल्या बसल्या डुलतं. मांजर पलंगाखाली जाते आणि गुरगुरते, आणि आपण म्हणतो, 'खूश आहे.' मांजर दुखतानाही गुरगुरते. तिचा चेहरा वाचायची एक रीत मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडली, ती कुणालाही घरी वापरता येते. पाच गोष्टी बघायच्या: कान बाहेर वळून पडलेत का, डोळे मिटमिटे आहेत का, थोबाड ताठरलंय का, मिशा सरळ पुढे ताणल्यात का, मान खांद्यांच्या खाली गेलीये का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले की तिला औषध हवं. ते लांबून, तिला हात न लावता बघायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ एकेक फोटो काढून ठेवला तर फरक डोळ्यांना आपोआप दिसतो, आणि डॉक्टरांनाही 'बरी वाटते'पेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

पण हे औषध घरच्या डब्यातलं नव्हे. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेते. ते औषध पचवून बाहेर टाकायची यकृतातली वाट तिच्याकडे जवळजवळ नाहीच. रक्त प्राणवायू वाहायचं सोडतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बसतात. डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, आणि तिथेही हिशेब बारीक आहे. चार किलोच्या मांजरीची रोजची मात्रा साधारण ०.२ मिलिग्रॅम, माणसांची गोळी १५ मिलिग्रॅमची. म्हणजे पंच्याहत्तर दिवसांचं औषध एका गोळीत. 'पाव तुकडा दिला हो फक्त' या वाक्याचा अर्थ काय होतो ते यावरून कळावं. (याच मेलॉक्सिकॅमचं आपल्यावर आणखी एक ऋण आहे. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध टोचलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं, आणि त्याच्या जागी गिधाडांना न बाधणारं म्हणून हे आलं.)

स्वयंपाकघरातली माया तर सगळ्यात जड. चिकनचं सूप शिजतं, घरभर वास सुटतो, आणि त्यात सवयीनं कांदा आणि चार पाकळ्या लसूण पडलेला असतो. कांदा-लसणानं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ज्याचं आधीच रक्त गेलंय त्याला ते परवडत नाही. सूप आळणी हवं. नुसतं पाणी आणि चिकन, हवं तर मऊ भात कालवून. संध्याकाळी पूर्ण शुद्धीवर आल्यावर, मान धरवत असेल तरच, रोजच्या निम्म्याहून कमी. दूध नको, जुलाब होतात आणि कुंथताना पोटावर ताण येतो. कुत्रं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेवलं नाही तर वाट बघता येते. मांजरीच्या बाबतीत घड्याळ कडक आहे. ती दोन-तीन दिवस उपाशी राहिली, विशेषतः लठ्ठ असली, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि मग तिला खाऊ घालणं हेच मोठं आजारपण होऊन बसतं. चोवीस तासांत तिच्या पोटात काहीतरी जायला हवं. खाणं हाताच्या उबेइतकं गरम केलं की वास सुटतो, आणि मांजर आधी नाकानं जेवते. उकडलेल्या बांगड्याचा बोटभर तुकडा, काटा काढून, बशीऐवजी बोटावर धरला तर कितीदा तरी काम होतं.

बाकीचं घर मग तिच्या मापानं लावायचं. शी-शूच्या डब्यात वाळूऐवजी फाडलेला पेपर, म्हणजे कण टाक्यांत जात नाहीत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा गोणपाट, कारण घसरून फाकलेले मागचे पाय जोडलेल्या हाडाचा दोन तासांचा खटाटोप क्षणात वाया घालवतात. पायाचं ऑपरेशन झालेल्या मोठ्या कुत्र्याला जिना उतरवताना पोटाखालून टॉवेलची झोळी धरायची. पावसाळ्यात प्लास्टरवर दुधाची पिशवी बांधायची ती फक्त बाहेर जाईपर्यंत. घरात आल्याबरोबर काढायची, नाहीतर आत घाम धरतो आणि कातडी कुजते. बँडेजमधून मधली दोन बोटं बाहेर दिसली पाहिजेत. ती फाकली, गार पडली, किंवा बँडेजला वास येऊ लागला तर सकाळची वाट बघू नये. जखमेवर हळद नको, तिचा थर खालचं काही बघू देत नाही. डेटॉल मांजरीच्या आसपासही नको, ते तिला विष आहे आणि अंगाला लागलेलं ती चाटणारच. पुसायला सांगितलं असेल तर बीटाडीन फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाणी घालून. आणि माश्या. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या ओल्या जखमेवर माशी बसली की दिवसभरात अळ्या पडतात. मग टर्पेंटाइन ओतायचे सल्ले येतात. ते ऐकू नयेत.

टाक्यांच्या रेषेखाली पाचव्या दिवशी बोटाला कडक वळ लागतो. तो चांगला, शरीर विणायला लागल्याची खूण. मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी, न दुखणारी सूज म्हणजे उड्या मारल्यानं आत साठलेलं पाणी, ते बहुधा विश्रांतीनं जिरतं. दाबल्यावर आत जाणारी आणि सोडल्यावर परत येणारी सूज मात्र आतला थर सुटल्याची. ओठ वर करून हिरडी दाबावी. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतला पाहिजे. हिरडी पांढरी फटक असेल, जनावर गार आणि मलूल असेल, तर आत रक्त जातंय, तेव्हा फोनवर बोलत बसू नये, रिक्षा बोलवावी. आणि पोटातलं काही बाहेर दिसलंच, तर आत ढकलायचं नाही. सलाइननं भिजवलेलं स्वच्छ फडकं वर ठेवायचं, पोटाभोवती टॉवेल गुंडाळायचा, तोंड जखमेकडे जाऊ द्यायचं नाही, आणि निघायचं. वेळेत पोचलेली जनावरं यातूनही उठतात.

परळला एक बैलघोडा हॉस्पिटल आहे. मुंबईच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही तेच नाव. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं हे रुग्णालय, त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. रस्त्यावर घोड्यांच्या ट्राम धावत होत्या तेव्हाची गोष्ट. लोकांनी ठेवलेल्या नावातच तेव्हाचा रोगी कोण ते आलं, ओझं ओढणारा. त्याच्या दुखण्याला किंमत होती, कारण त्याच्या पायावर कुणाचं तरी पोट होतं. आज रांगेत ओढणी बांधलेली बास्केट असते, आत कुणाचंही पोट न भरणारी मांजर असते, आणि तिच्यासाठी रजा टाकून आलेली आई असते. हे बघताना बरं वाटतं आणि टोचतंही. त्या मांजरीला कुणी विचारलेलं नसतं. धडधाकट जनावराला उपाशी ठेवून, कोंडून, चिरून आपण परत आणतो, आणि तिच्या अंगाला आता असा वास असतो की घरातली दुसरी मांजर फिस्कारते. (दोघींना दोन-तीन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवून अंथरुणांची अदलाबदल केली की ते निवळतं.) हे कशासाठी, ते तिला कधीच कळणार नसतं. आपल्याला कळत असतं, ज्यांनी पिकलेली पिशवी पाहिलीये त्यांना तर फारच. हीट (माज) होऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी आठ-नऊ वर्षांची कुत्री सारखं पाणी प्यायला लागते, जेवण सोडते, आणि गर्भाशय पूनं भरून मनगटाएवढं जाड झालेलं निघतं. पू बाहेर गळत असेल तर निदान कळतं तरी. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असेल तर काहीच दिसत नाही, आणि तेच जास्त घातकी. तेव्हा करावं लागतं ते ऑपरेशन हेच, फक्त मध्यरात्री, तापानं फणफणलेल्या, रक्तदाब उतरलेल्या म्हाताऱ्या जिवावर. तरुणपणीच्या त्या दहा-बारा दिवसांच्या बदल्यात हे टळतं. ज्याला टळलं त्याला ते कधी कळत नाही, एवढंच.

त्या दिवशी त्या मांजरीचा आतला थर शाबूत निघाला. थोडी भूल देऊन कडा साफ केल्या, कातडी पुन्हा शिवली, आणि दिवस पहिल्यापासून मोजायला घेतले. नवा कोन बांधताना डॉक्टरांनी मुलाचा हात धरून त्याचीच दोन बोटं गळ्याखाली सरकवायला लावली. तो नंतर बास्केटमध्ये हात घालून पुन्हा पुन्हा ती बोटं सरकवून बघत होता.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. कापताना ती हललीही नाही. कोन काढून बाजूला ठेवला तशी मांजर टेबलावरच मागचा एक पाय वर करून बसली आणि पोटाच्या त्या भादरलेल्या चौकोनावर, जिथं खुंटांएवढे केस येऊ लागले होते तिथं, चाटायला लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत पहिल्यापासून. आईचा हात नकळत पुढं आला. "राहू दे आता," डॉक्टर म्हणाले. बाहेर पुढचा नंबर थांबला होता, कुणाचं तरी कुत्रं दार ओरबाडत होतं, पण तिचं होईपर्यंत तिला कुणी उचललं नाही.